मोह विकायची घाई नाही

संध्याकाळचे साडेसहा वाजलेत आणि बाया अजून धानाच्या बांधीतून परतायच्या आहेत. गडचिरोली जिल्ह्यातल्या कुरखेडा तालुक्यातलं, जंगलाला लागून असलेलं गाव. दुपारनंतर पावसानं जरा उसंत दिली तसं सगळ्यांनी रोवण्याचं काम ओढून घेतलं, त्यामुळे सहाची बैठक सातवर जाणार हे ठरलेलंच. महिला बचत गटाच्या सचिवांच्या छपरीत सतरंजी अंथरलेली आहे. मधोमध पत्र्याची पेटी, तिच्यावर वह्या, वह्यांवर पन्नी. कवेलू एके ठिकाणी सरकलेत, तिथं खाली गंज ठेवलाय. सचिव चुलीपुढे बसून मोठ्या पातेल्यात चहा उकळतायत. त्याही दिवसभर रोवण्यालाच होत्या. उठताना एक हात आपसूक कमरेवर जातो, एवढीच काय ती तक्रार.

मग एकेक जण येऊ लागते. पाय घासून धुतलेले, तरी नखांत चिखल राहिलेलाच. बोटांची टोकं पाण्यात राहून पांढरी, सुरकुतलेली. बारा जणींचा गट, अकरा येतात. बारावीनं सुनेच्या हाती पन्नास रुपये पाठवलेत. सून पैसे देऊन निघत असते, पण अध्यक्ष तिला थांबवतात.

"बस वो. सासूच्या जागी बस, आयकून जाय. घरी जाऊन सांगजो का झालं ते."

प्रार्थना होते. हजेरी होते. दहावी शिकलेल्या सचिव इतिवृत्ताच्या वहीत तारीख घालतात आणि पैशाला हात लागतो.

दर आठवड्याला पंचवीस रुपये ही या गटाची बचत. मागचा आठवडा रोवण्यात गेला, बैठक झाली नाही, म्हणून आज प्रत्येकीचे पन्नास. कुणाची नोट कमरेच्या बटव्यातून निघते, कुणाची ब्लाउजमधून, दमट, चौघडी. कोषाध्यक्ष ती सतरंजीवर ठेवून तळहातानं सपाट करतात आणि मगच मोजतात. नाव, रक्कम, मोठ्यानं. जिची नोट तिच्याकडे पाहून. बचत सहाशे. मग कर्जाची परतफेड: पाच जणींकडून मुद्दल आणि व्याज मिळून एक्कावन्नशे पन्नास. पेटीत आधीचे बावीसशे पन्नास. दोन जणी वेगवेगळ्या मोजतात, दोघींचा आकडा जुळतो. आठ हजार.

हा आकडा छपरीतल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे, मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. बारातल्या पाच जणींना लिहिता-वाचता येत नाही. पण पेटीत आज किती आहेत, कुणाकडे किती येणं आहे, हे त्यांच्या तोंडावर असतं. गावातल्या दुसऱ्या कुठल्या संस्थेचा हिशेब असा सगळ्यांदेखत, इतक्या वेळा उघडा होतो?

हा गट ज्या 'उमेद' अभियानातला आहे त्याच्या पंचसूत्रीत हेच पाच नियम आहेत: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित लेखे. २०११ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियान सुरू झालं, राज्यात त्याला 'उमेद' हे नाव मिळालं आणि सघन कामासाठी सुरुवातीला निवडलेल्या जिल्ह्यांत गडचिरोली होता. पुढे या पाचात आरोग्य, शिक्षण, पंचायतीतला सहभाग, सरकारी योजना आणि शाश्वत उपजीविका यांची भर पडून दशसूत्री झाली. कागदावर ही सूत्रं रुक्ष वाटतात. इथं नोटा सपाट करणारे ते हात पाहिले की त्यांचा अर्थ लागतो.

"कोनाले कर्ज पायजे?" अध्यक्ष विचारतात.

तीन हात वर होतात. पहिलीला चार हजार हवेत, युरियाला आणि रोवणाऱ्या बायांच्या मजुरीला. दुसरीचा नातू चार दिवस तापलाय, पट्टीवर मलेरिया निघालाय आणि डॉक्टरांनी गडचिरोलीला न्यायला सांगितलंय. तिला तीन हजार. तिसरीची मुलगी बारावी झाली, कुरखेड्याला कॉलेजात नाव घालायचंय. पाच हजार.

बारा हजारांची मागणी, आठ हजारांची पेटी.

क्षणभर कुणी बोलत नाही. मग मलेरियाचं आधी ठरतं, त्याला वादच नाही. "दवाखान्यात तं पैसे लागत नाई," सून हळूच म्हणते. आजीबाई तिच्याकडे वळतात. "दवाखान्यात नाई लागत माय. जाले गाडी लागते, तिथं राहाले लागते, जेवाले लागते. अन् तितके दिवस रोज बुडते." तिला तीनच्या तीन हजार मिळतात. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात आजारपण माणसाला कर्जात घालतं ते बरेचदा असं, औषधाच्या बिलानं कमी आणि अंतरानं जास्त. सिरोंचा ते जिल्ह्याचं ठिकाण दोनशे किलोमीटरच्या वर. पर्लकोटेला पूर आला की भामरागडची वाट बंद. हे गाव त्या मानानं सोयीचं, तरी रात्री-बेरात्री गाडी सांगायची तर रोख हातात लागते.

युरियावर घासाघीस होते. "तीनात भागव. मजुरी अर्धी आता दे, अर्धी धान झाल्यावर. रोवाले येनाऱ्या बाया आपल्याच हायेत, कोन भांडन?" ती तीन हजारांवर तयार होते. उरले दोन हजार, ते कॉलेजच्या प्रवेशाला. बाकी तीन कुठून आणायचे?

"मोह विका," तिसरी म्हणते.

आणि सगळी छपरी एकदम बोलायला लागते.

हा मोह एप्रिलमधला. त्या दिवसांत या बाया पहाटे चारला टोपल्या घेऊन निघतात. एकटीनं जायचं नाही, वाकून वेचताना एकीनं उभं राहून पाहत राहायचं, असा अलिखित नियम आहे, कारण वैनगंगेच्या दोन्ही काठांना, चंद्रपुरात आणि इकडे, मोह वेचणाऱ्यांवर वाघाचे हल्ले झालेत. वेचलेला मोह अंगणात वाळतो आणि वाळता वाळता व्यापारी दारात उभा राहतो. त्या वेळी घरात रोख नसते. धान संपत आलेलं असतं, लग्नसराई असते, तेंदूचा फड सुरू व्हायला अवकाश असतो. मग तो म्हणेल त्या भावात मोह जातो. आणि हीच घरं पावसाळ्यात तोच मोह वाढीव भावानं विकत घेतात, असंही मी याच पट्ट्यात पाहिलेलं आहे.

यंदा या गटानं तसं होऊ दिलं नाही. गावातल्या गटांच्या ग्रामसंघाकडून समुदाय गुंतवणूक निधीतलं अठ्ठावीस हजारांचं कर्ज काढलं आणि सदस्यांचा चौदा क्विंटल मोह किलोमागे वीस रुपये उचल देऊन जमा केला. व्यापारी तेव्हा तीस-बत्तीस देत होता. उचल त्याहून कमी, पण माल आपलाच राहतो आणि विकल्यावर उरलेला पैसा घरी येतो, हे बायांना पटवायला अध्यक्षांना दोन बैठका लागल्या. आज फोनवर भाव पंचेचाळीस आहे.

पेट्रोमॅक्सच्या काळातलं वाटावं असं एक जुनं कुलूप घेऊन आम्ही मोह पाहायला निघतो. तो गटातल्या कुणाच्या घरी नाही, ग्रामपंचायतीच्या जुन्या पक्क्या खोलीत आहे. त्यालाही कारण आहे. २०२१ च्या ऑक्टोबरात रानटी हत्तींचा कळप छत्तीसगडमार्गे गडचिरोलीत आला, आणि तेव्हापासून मोह किंवा धान ठेवलेलं मातीचं घर म्हणजे जिवाला घोर. वासावर हत्ती येतात, भिंत पाडतात. पंचायतीनं खोली दिली ती ग्रामसभेच्या ठरावानं, आणि ग्रामसभेत हा विषय मांडायला याच बाया एकगठ्ठा जाऊन बसल्या होत्या.

खोलीत शिरताच तो गोड, जडसर वास अंगावर येतो. जमिनीवर लाकडी फळ्या, फळ्यांवर आतून प्लास्टिक लावलेली पोती, तोंडं आवळून बांधलेली. कोषाध्यक्ष एका पोत्याची दोरी सोडतात, कोपरापर्यंत हात आत घालतात आणि तळातली मूठ बाहेर काढतात. मोबाइलच्या उजेडात फुलं तांबूस-तपकिरी दिसतात, मनुक्यांसारखी. त्या मूठ दाबतात, उघडतात. फुलं सुटी होऊन पडतात. दुसरं पोतं, तसंच. सहाव्या पोत्याला मूठ उघडते पण फुलं हाताला चिकटून राहतात, एक-दोन काळी पडलीत. त्या ती नाकाशी नेतात.

"हे धरलं. ओल लागली."

अध्यक्ष पोत्याच्या बुडाशी हात फिरवतात. प्लास्टिकला बारीक चीर आहे. ते पोतं बाजूला काढलं जातं. उद्या ऊन पडलं तर पसरायचं, नाही तर चुलीच्या वर टांगायचं. बाकीची सगळी पोती एकेक करून तपासल्याशिवाय कुणी जागची हलत नाही. दिवसभर रोवणा केलेल्या या बाया रात्री आठ वाजता पोती उचलून ठेवतायत आणि एकीलाही हे काम जास्तीचं वाटत नाही.

हे साठवणं काही वर्षांपूर्वी इतकं सरळ नव्हतं. २००६ च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपजावरचा हक्क मान्य केला, शेजारच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखानं २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून साऱ्या राज्याला वाट दाखवली, तरी मोह म्हटलं की दारू हे समीकरण पुसलं गेलं नव्हतं आणि साठवण-वाहतुकीवर बंधनं होती. राज्य सरकारनं ती २०२१ मध्ये उठवली. त्याआधी २०२० मध्ये केंद्रानं वाळल्या मोहफुलांची किमान आधारभूत किंमत किलोला १७ वरून ३० रुपये केली होती. या दोन निर्णयांची बातमी शहरात फारशी कुणी वाचली नसेल. इथं त्यांच्यामुळे ही खोली उघडपणे मोहानं भरता येते.

परत छपरीत आल्यावर वाद पुन्हा पेटतो. सगळा विकायचा की थांबायचं? एकजण म्हणते, पोळ्यापर्यंत थांबा, भाव पन्नासच्या पुढे जाईल. दुसरी म्हणते, ओल लागून काळा पडला तर पन्नास कोण देईल? आणि घ्यायला येणारा कोण आहे, तो मोह कुठं नेणार, हे एक आजीबाई विचारून घेतात. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे आणि ती आणण्याच्या चळवळीत त्या तरुण असताना चालल्या आहेत. भट्टीवाल्याला माल द्यायचा नाही, दोन रुपये जास्त देत असला तरी. याला कुणाचाही विरोध नाही.

शेवटी अर्धा विकायचा ठरतो. सात क्विंटल आता, बाकीचा पोळ्यानंतर. हिशेब सचिव बोटांवर करून दाखवतात: एप्रिलचा बत्तीस धरला तरी किलोमागे तेरा रुपये वर, शंभर किलोला तेराशे, सातशे किलोला एक्क्याण्णवशे. तूट वजा जाईल, हमाली जाईल. तरी मुलीच्या प्रवेशाचे तीन हजार उद्या देता येतात.

गरिबी म्हणजे पैसा कमी असणं, हे खरंच. पण या जंगलपट्ट्यात ती मला सगळ्यात जास्त दिसते ती घाईत. पिकलं की विकायची घाई, ताप आला की उचलायची घाई, रोवण्याच्या तोंडावर मिळेल त्या व्याजानं घ्यायची घाई. धान घेऊन सवाई-दिढीनं परत करणारी घरं अजून आहेत. गटाचं व्याज महिन्याला शेकडा दोन, तेही गटातच फिरतं आणि वर्षअखेर सगळ्यांच्या खाती दिसतं. सरकारच्या कार्यक्रमानं या बायांना जर काही दिलं असेल तर ती उसंत दिली आहे. तीन महिने मोह न विकता राहता येणं ही फार मोठी कमाई आहे आणि कुठल्याही अहवालाच्या रकान्यात ती बसत नाही.

चहा पुन्हा येतो. ज्यांचे दोन हप्ते थकलेत त्या बाईंचा विषय निघतो. त्या मागे, खांबाला टेकून बसल्यात. नवरा-बायको दोघं फेब्रुवारीत तेलंगणात मिरची तोडायला गेले होते. मुकादमानं पूर्ण पैसे दिलेच नाहीत. त्या हे सांगत नाहीत, शेजारची सांगते. गट ठरवतो: धान निघेपर्यंत फक्त व्याज, मुद्दल नंतर. सचिव तसं वहीत लिहितात आणि लिहिलेलं वाचून दाखवतात. त्या बाई अंगठा उठवतात, मग पदरानं शाई पुसतात आणि पहिल्यांदाच पुढे सरकून बसतात.

याच गावात फायनान्सवाल्यांचेही गट आहेत. त्यांनाही गटच म्हणतात. तिथं बचत नसते, पेटी नसते, बैठक वसुलीपुरती. ठरल्या वारी माणूस मोटारसायकलवर येतो आणि एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्यांना भरावा लागतो. खांबाला टेकलेल्या या बाई तशाही एका गटात आहेत आणि तिथले हप्ते त्यांनी एकही चुकवलेले नाहीत, कारण तिथं थांबायला कुणी तयार नाही. सरकारी यंत्रणेनं या गोष्टीकडे जितकं लक्ष द्यायला हवं तितकं दिलेलं मला दिसत नाही. दोन्ही कर्जं एकाच घरातून फिटतात.

गटातल्या सर्वांत थोरल्या आजीबाईंनी हे सगळं आधीही पाहिलंय. त्या लग्न होऊन आल्या चंद्रपूर जिल्ह्यातून, नदीपलीकडून. तिथं माहेरी भावजयींच्या गटाला १९९४ नंतरच्या महाराष्ट्र ग्रामीण पतपुरवठा प्रकल्पात महिला आर्थिक विकास महामंडळानं, म्हणजे माविमनं उभं केलं होतं. मग १९९९ मध्ये स्वर्णजयंती योजना आली. दारिद्र्यरेषेखालच्या यादीतल्या बायांचा गट, कर्ज आणि सोबत अनुदान. "अनुदान भेटे लोक गट राहे," त्या म्हणतात. "म्हशी आल्या. दोन मेल्या, एक विकली. मंग कोनी बैठकीले येयेच ना." कितीतरी गावांत हेच घडलं. 'उमेद'नं अनुदानाऐवजी बैठक, बचत आणि संघ यांच्यावर भर दिला, ही त्या अनुभवातून आलेली शहाणी दुरुस्ती होती. दुर्गम भागात तर दहाऐवजी पाच जणींचाही गट चालतो, कारण टोल्यावर घरंच तेवढी असतात.

नऊला सीआरपी, म्हणजे समुदाय संसाधन व्यक्ती असलेल्या ताई पोचतात, रेनकोट घालून, स्कूटीवर. त्यांची आजची ही तिसरी बैठक. याच गावच्या, एका गटाच्या सदस्य, आणि आता चौदा-पंधरा गट त्यांच्याकडे. २०२३ मध्ये मानधन तीन हजारांवरून सहा हजार झालं, त्याच वेळी गटांचा फिरता निधीही पंधरा हजारांवरून तीस हजार झाला. त्या मोबाइल काढतात. बैठकीची नोंद आता अभियानाच्या लोकॉस ॲपवरही भरावी लागते. छपरीत रेंज नाही. त्या अंगणाच्या टोकाला, चिंचेखाली, हात उंच करून उभ्या राहतात. तिथं एक काडी येते आणि जाते. बाया थांबून आहेत. उद्या पहाटे परत बांधीत उतरायचंय. वही वाचून झालीय, पैसे वाटून झालेत, आणि आता फक्त मोबाइलसाठी अकरा थकलेल्या बाया जाग्या आहेत. माझा या नोंदींना विरोध नाही. पारदर्शकतेसाठी त्या लागतात. पण जी नोंद गटाला स्वतःला उपयोगी पडत नाही तिच्यासाठी बैठकीचा जीव जाऊ नये. अखेर मीच सुचवते की वहीच्या पानांचे फोटो काढून कुरखेड्याहून भरा. ताई मान हलवतात. त्या तेच करणार होत्या.

बँकेचा विषय त्या निघता निघता काढतात. गटाचा तीन लाखांचा प्रस्ताव तयार आहे. तीन लाखांपर्यंत बँक सात टक्क्यांनी देते, आणि हप्ते वेळेवर गेले तर राज्याच्या सुमतीबाई सुकळीकर योजनेतून व्याजाचा भार उतरतो. कागदावर बिनव्याजी. पण बँक वीस किलोमीटरवर आणि सह्यांना अध्यक्ष-सचिव दोघी लागतात. दोन दिवसांचा रोज बुडणार.

"रोवना होऊ द्या ताई," अध्यक्ष म्हणतात. "तीन लाख कोठी पळून नाई जात. आमाले एवढे लागतेत का, ते बी बसून ठरवाचं हाय. कोनी म्हनते गिरनी, कोनी म्हनते बकऱ्या."

"वरून विचारणा होते," ताई म्हणतात. त्यांचाही इलाज नसतो.

"त्याइले सांगजा, धान रोवून रायल्या म्हनावं."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मोह न्यायला पिकअप येतो. ड्रायव्हरसोबत व्यापाऱ्याचा माणूस, हातात लोखंडी तराजूकाटा. कोषाध्यक्ष तो बाजूला ठेवायला सांगतात; ग्रामसंघाचा इलेक्ट्रॉनिक काटा खोलीतून बाहेर येतो, पुसून सपाट फरशीवर ठेवला जातो. आधी रिकामं पोतं, मग पाच किलोचं वजनमाप ठेवून काटा तपासला जातो. व्यापाऱ्याचा माणूस घाई करतो, पाऊस येईल म्हणतो. आभाळ खरंच भरून आलंय. तरी प्रत्येक पोत्याचं वजन मोठ्यानं वाचलं जातं, दोन वह्यांत उतरतं. तो पंचेचाळीसवरून त्रेचाळीसवर येऊ पाहतो, माल दमट आहे म्हणतो. अध्यक्ष पोत्यात हात घालून तळातली मूठ त्याच्यापुढे उघडतात. फुलं सुटी पडतात.

"दमट होतं ते काल रातीच बाजूले काढलं. हे पंचेचाळीसचं हाय. नसन पायजे तं राहू द्या."

तो फोन लावतो, थोडा लांब जाऊन बोलतो, परत येतो. पंचेचाळीस. पैसे गटाच्या खात्यावर, आत्ता, इथंच. रेंजसाठी सगळी वरात चिंचेखाली जाते. मेसेज यायला बराच वेळ लागतो, तोवर एकही पोतं गाडीत चढत नाही. मेसेज येतो तशा चौघी पोती उचलायला लागतात आणि उरलेल्या बाया पदर खोचून बांधीच्या वाटेला लागतात. मुलीच्या प्रवेशाचं विचारायला आलेल्या आईला सचिव सांगतात की सोमवारी कुरखेड्याला पैसे काढायला जाऊ तेव्हा पोरीलाही सोबत घ्या, तिचं खातं त्याच फेरीत उघडून होईल. आधार कार्ड आणि दोन फोटो तेवढे विसरू नका.